पायथ्याचा वाडा

काशी-रामेश्वराची, हिमालयाची आणि अलीकडे तर समुद्रापलीकडील देशांचीही प्रवासवर्णने आमच्या वाचकांच्या वाचनात नेहमी येतात. त्या मानाने आज आम्ही जी हकीगत सांगणार आहोत तिचा पल्ला अगदीच तोकडा आहे. वाईहून निघावे, पाचगणी-महाबळेश्वरावरून आंबेनळीचा घाट उतरून महाडास मुक्काम करावा, दुसरे दिवशी रायगड व त्याच्या पायथ्याचे पाचाड पाहावे आणि तिसरे दिवशी घरी परतावे, एवढाच तो प्रवास. एस. टी.ची दोन तिकिटे, एक पिशवी आणि दशम्यांचा डबा एवढ्या सामग्रीवर तो झाला. परंतु या तीन दिवसांच्या वाटेस लागावयास आम्हा उभयतांस सदतीस वर्षे लागली, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

लग्न झाले त्या वर्षीच सौ.स रायगड दाखविण्याचे आम्ही कबूल केले होते. पुढे थोरल्याचा जन्म झाला, मग मुलगी झाली, मग धाकटा. कोणाचे दात येत होते, कोणाची मुंज होती, कोणाची परीक्षा तोंडावर आली होती. आमच्या मातोश्री पाच वर्षे अंथरुणास खिळून होत्या. प्रत्येक वेळी सौ. म्हणे, "मुले मोठी झाली म्हणजे जाऊ." हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की, ते एखाद्या स्तोत्रातील पालुपदासारखे होऊन बसले होते. मुले मोठी केव्हा झाली हे मात्र आमच्या ध्यानात आले नाही. ते ध्यानात आले ते गेल्या दिवाळीत.

पाडव्याच्या रात्री जेवणे चालली असता धाकट्याने गोष्ट काढली. तो पुण्यास संगणकाच्या एका कंपनीत नोकरीस आहे. लग्न झाल्यापासून तो सोमवारी पहाटे पुण्यास जाई व शुक्रवारी रात्री परत येई. सून आणि तीन वर्षांचा नातू आमच्यापाशी वाईस असत. तो म्हणाला, "बाबा, अक्षय्यतृतीयेपासून आम्ही पुण्यास बिऱ्हाड करावे म्हणतो." थोरल्याच्या कपाळाला आठी पडली. आम्ही तर एकत्र कुटुंबाची महती या विषयावर तीस वर्षांत मुलांकडून जितके निबंध लिहवून घेतले असतील तितक्यांचा सारांश त्या एका बैठकीत त्यास ऐकवला. धाकटा खाली मान घालून ऐकत राहिला. सून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी होती, ती आत गेली. सौ. मात्र एक अक्षर बोलली नाही. तिने सर्वांना भात वाढला आणि ताकाचे भांडे आणावयास म्हणून ती उठली.

त्या दिवसापासून तिचे बोलणे कमी झाले. देवपूजा, स्वयंपाक, नातवाचे न्हाणे-जेवण सारे यथास्थित चाले. परंतु पुण्याचा विषय निघाला की ती उठून जाई. आम्ही समजलो की, पुत्रवियोगाच्या कल्पनेने ती खचली. कालिदासाने शाकुंतलाच्या चौथ्या अंकात कन्येला सासरी धाडताना कण्वमुनींसारख्या विरक्ताची काय अवस्था होते ती दाखविली आहे. मग ही तर संसारी माता. तिच्या मनाला विरंगुळा म्हणून घाटावरील कृष्णाबाईचा उत्सव आटोपताच, माघाच्या अखेरीस, आम्ही जुने वचन पुरे करण्याचे ठरविले.

पसरणीचा घाट चढून गाडी पाचगणीस आली. टेबललँडचे पठार उजेडात न्हाले होते आणि रस्त्याच्या कडेने स्ट्रॉबेरीच्या टोपल्या मांडलेल्या होत्या. पाचगणी सोडल्यावर एका फाट्याशी गाडी थांबली. त्या फाट्यावरून आत एक गाव आहे. तेथील शाळेवर आम्ही तारुण्यात सहा वर्षे होतो. बिऱ्हाड वाईस, आम्ही शाळेच्या खोलीत. शनिवारी दुपारी शाळा सुटली की याच फाट्यावर गाडीची वाट पाहत आम्ही कितीएक तास काढले आहेत. ते सर्व आम्ही सौ.स मोठ्या उत्साहाने सांगू लागलो: येथे चहाची टपरी होती, तेथे पावसात झाड पडले होते. तिने एकवार तिकडे पाहिले, पदर सावरला आणि ती पुन्हा समोर पाहू लागली. गाडी सुटली. तिला आमच्या आठवणींत रस नसावा असे समजून आम्हीही गप्प बसलो.

महाबळेश्वरास उतरून आम्ही पाच-सहा किलोमीटरवरील क्षेत्र महाबळेश्वरास गेलो. तेथील पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम एके ठिकाणी मानतात. पाच धारा एकत्र होऊन दगडी गोमुखातून कुंडात पडतात. आम्ही वाईकर कृष्णेला आई म्हणणारी माणसे. तिच्या उगमाशी उभे राहून सौ.ने ओंजळ भरून घेतली आणि डोळ्यांना लावली.

आमच्यातील भूगोलाचा शिक्षक अशा ठिकाणी स्वस्थ बसत नाही. आम्ही तिला सांगितले की, कृष्णा, वेण्णा आणि कोयना या येथून पूर्वेच्या अंगास वळतात. वेण्णा साताऱ्याजवळ संगम माहुलीस कृष्णेला मिळते, कोयना कऱ्हाडास मिळते, आणि अशा रीतीने या बहिणी पुन्हा एकत्र होऊन बंगालच्या उपसागराला जातात. सावित्री मात्र पश्चिमेचा कडा उतरून पोलादपूर, महाड करीत बाणकोटच्या खाडीने अरबी समुद्रास मिळते. तिची व कृष्णेची पुन्हा भेट नाही.

सौ.ने विचारले, "मग सावित्रीला कोणी कृतघ्न म्हणतात का?"

आम्ही म्हणालो, "छे! तिच्या काठी महाड वसले आहे. तिकडच्या लोकांची ती आईच."

ती काही बोलली नाही. कुंडाच्या काठावर तिने पाच फुले वाहिली. पाचवे वाहताना तिचा हात जरा अधिक वेळ रेंगाळला, असे आम्हांस वाटले.

दुपारी आंबेनळीच्या घाटातून गाडी उतरू लागली. सावरीच्या झाडांना पाने नव्हती, पण फांद्या लाल फुलांनी लवल्या होत्या. वळणावळणावर समोर प्रतापगड दिसे. अफझलखान या मोहिमेत आमच्या वाईसच तळ देऊन होता आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी त्याचा शेवट झाला, हे शाळेतील प्रत्येक मुलास ठाऊक असते. पण त्याच वर्षी ५ सप्टेंबरला राजगडावर सईबाई निवर्तल्या होत्या आणि संभाजीराजे तेव्हा अवघे सव्वादोन वर्षांचे होते, हे सांगताना आम्ही मुलांपुढे कधी थांबलो नव्हतो. त्या दिवशी सौ.ने थांबविले. ती म्हणाली, "म्हणजे एकीकडे मुलगा खानासमोर जायला निघाला आहे आणि मांडीवर सून गेलेले पोरके नातवंड. जिजाबाईंना त्या महिन्यांत रात्री झोप कशी लागली असेल?" तीस वर्षे इतिहास शिकवून हा प्रश्न आम्हांस सुचला नव्हता.

रात्री महाडास उतरलो. सकाळी प्रथम चवदार तळ्याच्या काठी गेलो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या हजारो अनुयायांसह येथील पाणी प्राशन केले. तळे शांत होते. सौ. म्हणाली, "घरात तहानलेले लेकरू असताना ज्या आयांना या काठावरून परत फिरावे लागले असेल, त्यांचे काय झाले असेल!" आमच्या समाजाने स्वतःला एका आईची लेकरे म्हणवीत हे शतकानुशतके चालू दिले. मान खाली घालूनच आम्ही तेथून निघालो.

महाडपासून रायगडाचा पायथा सुमारे २५ किलोमीटर आहे. गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर. पायऱ्यांची वाट खूबलढा बुरुजावरून महादरवाजाकडे जाते, पण सौ.चे गुडघे आता हजाराहून अधिक पायऱ्या चढण्यास राजी नाहीत. म्हणून १९९६ साली सुरू झालेल्या रोपवेने जाण्याचे ठरले. रोपवेचा पायथा ज्या वाडीत आहे तिचे नाव हिरकणीवाडी.

हिरकणीची कथा महाराष्ट्रातील कोणत्या घरात सांगितली गेली नाही? गडावर दूध घालावयास गेलेली ती माता. कोजागिरीची सांज झाली, दरवाजे बंद झाले. खाली घरी तान्हे मूल. दरवाजा उघडेना तेव्हा ती कडा उतरून गेली. महाराजांनी त्या ठिकाणी बुरूज बांधविला आणि त्यास तिचे नाव दिले. ही लोकांनी पिढ्यानपिढ्या जपलेली कथा आहे, तिला आम्ही इतिहास म्हणून सांगत नाही. परंतु पाळण्याएवढ्या त्या पेटीत बसून काही मिनिटांत वर जाताना खालचा तुटलेला कडा जो दिसतो, तो पाहून कथेतील आईचे धाडस अंगावर काटा आणते. सौ. पेटीची दांडी घट्ट धरून खाली पाहत होती. शेजारच्या एका तरुण मातेने भीतीने आपल्या मुलीचे डोळे झाकले होते. स्वतःचे मात्र उघडे ठेवले होते.

गडावर आम्ही आमच्या वयास झेपेल तेवढेच पाहिले. राणीवशाची जोती, गंगासागर तलाव, होळीचा माळ, दुतर्फा दुकानांच्या रांगांची बाजारपेठ, जगदीश्वराचे देऊळ आणि त्यासमोर थोरल्या महाराजांची समाधी. राजसदरेवर, जेथे ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला त्या जागेसमोर, एक वाटाड्या मंडळींना चमत्कार दाखवीत होता. दूरच्या नगारखान्याकडून हलक्या आवाजात बोललेले सिंहासनाच्या जागी स्पष्ट ऐकू येते, अशी त्या बांधणीची ख्याती आहे. आम्ही कान देऊन ऐकले आणि प्राचीन स्थापत्याची तारीफ करू लागलो. सौ. म्हणाली, "आपल्या घराची बांधणी अशी हवी होती. माजघरातले बोलणे सदरेवर कधी ऐकूच गेले नाही."

ती हसत म्हणाली, म्हणून आम्हीही हसलो. पण ते वाक्य आमच्याबरोबर गड उतरून खाली आले.

उतरल्यावर पाचाडच्या वाटेवर एक पन्नाशीची बाई माठ मांडून ताक विकत बसली होती. सौ. तिच्याशेजारी विसावली. बायकांच्या रीतीप्रमाणे दोन घोटांत मुलाबाळांची चौकशी झाली. बाई म्हणाली, "दोघं हायत मुंबईला. शिमग्याला येतात. पालखी नाचवायची असते ना! तोवर मी घर सारवून ठेवते."

सौ.ने विचारले, "एकट्या राहता? वाईट नाही वाटत?"

ती म्हणाली, "वाटतं की. पण वाईट वाटलं म्हणून अंगण सारवायचं सोडलं, तर पोरं यायची कशाला?" एवढे बोलून तिने आणखी एक पेला भरून सौ.पुढे केला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

पाचाडच्या वाड्याची आता तटाची भिंत, आतली जोती आणि विहिरी एवढीच शिल्लक आहे. वर गडावरची गार हवा आणि भणाणता वारा उतारवयात मातोश्रींना मानवेना, म्हणून महाराजांनी पायथ्याशी त्यांच्यासाठी हा वाडा बांधविला, असे सांगतात. तटाच्या आत उभे राहून मान वर केली म्हणजे रायगडाचा सारा पहाड समोर येतो. येथील एका विहिरीला तक्क्याची विहीर म्हणतात. काठाशी टेकून बसण्याजोगा दगड आहे. जिजाबाई तेथे बसत आणि पाण्याला आलेल्या बायाबापड्यांची विचारपूस करीत, अशी आठवण गावाने जपली आहे.

सौ. त्या दगडावर बसली नाही. त्याच्या बाजूला जमिनीवर बसली. आम्ही तिला जिजाबाईंचे चरित्र सांगू लागलो. १५९८ साली सिंदखेडास जाधवरावांच्या घरी जन्म. १६२९ साली देवगिरीस भर दरबारात पिता लखुजीराव मारले गेले. १६३० साली शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म. थोरले पुत्र संभाजी वडिलांबरोबर कर्नाटकात आणि धाकटे मातेपाशी पुण्यास.

सौ. मध्येच म्हणाली, "म्हणजे त्यांच्याही घरची बिऱ्हाडे दोनच होती."

आम्ही चपापलो. खरेच, दोनच होती. थोरला पुत्र पुढे कनकगिरीस कामी आला. पती १६६४ साली कर्नाटकातच घोड्यावरून पडून निवर्तले. १६६६ साली धाकटा पुत्र आणि नऊ वर्षांचा नातू दोघेही आग्र्यास बादशहाच्या पहाऱ्यात अडकले, तेव्हा माघारी राज्याकडे लक्ष ठेवणारी हीच माता होती. पुत्र आधी परतला, नातू मागाहून आला. राज्याभिषेकाच्या सोहळ्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, याच पाचाडात तिने देह ठेवला. तिची समाधी येथून जवळच आहे.

बराच वेळ सौ. गडाकडे पाहत होती. मग ती जे बोलली ते, दिवाळीपासूनचे तिचे पहिलेच मनमोकळे बोलणे होते. आम्हांस आठवते तसे ते येथे देतो.

ती म्हणाली, "हिरकणीचे काम अवघड, पण सोपे होते. मूल कोठे रडते आहे हे तिला ठाऊक होते. कडा उतरला की झाले. आपली मुले लहान होती तेव्हा मलाही तसेच वाटे. रात्री दहा वेळा उठावे लागले तरी कशासाठी उठलो हे कळत असे. मुले मोठी झाली की ती कोठे रडतात हेच आईला कळत नाही. कळले तरी धावत जाऊन उचलून घ्यायची सोय नसते. या माउलीने ते ओळखले असेल. मुलगा वर छत्र धरून बसला. ही खाली राहिली. वर दिसेल इतकी जवळ आणि पायात येणार नाही इतकी लांब. आणि दिवसभर वर बघत बसली नाही. पाण्याला आलेल्या पोरींची विचारपूस करीत राहिली."

आम्ही म्हणालो, "हे तुला इतके उमगले आहे तर दिवाळीपासून बोलत का नाहीस? धाकटा जाणार म्हणून तू दुःखी आहेस असेच आम्ही समजलो."

"दुःख आहेच. ते मी गिळीन. मला भीती वाटत होती ती तुमच्या बोलण्याची. तुम्ही आणि थोरला असे काही बोलून बसाल की त्याला जाण्याची वाट राहील आणि येण्याची मोडेल. म्हणून म्हटले, आपण तरी तोंड मिटून असावे."

मग थोडे थांबून ती म्हणाली, "काल तो फाटा दाखवलात ना? त्या गावाला सहा वर्षे तुम्ही होतात. मी एकदाही तिथे आले नाही. तुमची खोली कशी होती, खिडकी कुठल्या बाजूला होती, मला ठाऊक नाही."

आम्ही म्हणालो, "आईची सोय पाहायला हवी होती."

"हवीच होती. सासूबाई वाईट नव्हत्या. आजेसासूबाई अंथरुणावर, दोन नणंदा लग्नाच्या. त्यांना हात हवे होते. मी नाही म्हटले नसते. पण सहा वर्षांत 'तुला जावेसे वाटते का' एवढे कोणी विचारले नाही. सासूबाईंनी नाही, आणि तुम्हीही नाही. शनिवारी तुम्ही आलात की थोरला माझ्या पदराआड लपे. तुम्ही हसून म्हणत, 'बघा, बापाला ओळखत नाही!' मला हसू येत नसे. मागच्या महिन्यात शुक्रवारी धाकटा आला, तेव्हा बाळ असाच सुनेच्या मागे लपला. धाकटाही हसला. मी सुनेच्या तोंडाकडे पाहिले आणि मला माझेच तोंड दिसले."

वाचकहो, आयुष्यभर आम्ही इतरांच्या मुलांना प्रश्न विचारण्याचा पगार घेतला. घरात जो एक प्रश्न विचारावयाचा होता तो सहा वर्षांत आमच्या तोंडून निघाला नाही. मातोश्रींची आज्ञा होती, हे खरे. पण आज्ञा मोडावयाची नव्हती, फक्त विचारावयाचे होते. त्याला काही खर्च लागत नव्हता. आम्ही काहीतरी बोलावयास गेलो. पण शब्द जुळेनात. सौ.ने पिशवीतून दशम्यांचा डबा काढला आणि एक दशमी आमच्या हातावर ठेवली. तिच्या समजुतीच्या रीती आम्हांस ठाऊक आहेत. आम्ही मुकाट्याने खाल्ली.

समाधीपाशी गेलो तेव्हा उन्हे कलली होती. झाडांच्या सावलीत ते स्थान मोठे शांत आहे. सौ.ने डोके टेकले. काय मागितलेस, असे विचारण्याचा आमचा परिपाठ नाही. त्या दिवशी मात्र मुद्दाम विचारले. ती म्हणाली, "काही मागितले नाही. कळले, एवढे सांगितले."

महाडास परतताच आम्ही धाकट्यास दूरध्वनी केला. त्यास वाटले, आता दुसरे प्रवचन. आम्ही विचारले, "पुण्यातली जागा हवेशीर आहे का? स्वयंपाकघराची खिडकी कोणत्या दिशेला?" पलीकडे क्षणभर शांतता होती. मग तो म्हणाला, "पूर्वेला, बाबा." पुढे फारसे बोलणे झाले नाही, परंतु दिवाळीपासून साचलेले मळभ त्या दोन शब्दांत हलले. थोरल्याची समजूत पडावयास आणखी काही दिवस लागले. घराचा भार आपल्यावरच पडणार, हे त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. त्यासाठी आईच्या औषधपाण्याचा खर्च धाकट्याने उचलावा आणि गणपती, दिवाळी व आम्हा दोघांचे आजारपण यांस त्याने निमित्त न सांगता हजर राहावे, असे दोघा भावांनी समोरासमोर बसून ठरविले. सौ.ने त्या बैठकीत दोन्ही सुनांनाही बसविले.

येथे आमच्या एकत्र कुटुंबातील वाचकांशी दोन शब्द बोलावेसे वाटतात. एकत्र घर मोडावे, असे आमचे म्हणणे नाही. आमचेही मोडलेले नाही. म्हातारपण, आजार, अडीअडचण यांत एकत्र घरासारखा आधार नाही, हे आम्ही मातोश्रींच्या आजारात डोळ्यांनी पाहिले. तेव्हा हीच सौ. पाच वर्षे त्यांच्या उशाशी होती. पण घर एकत्र आहे ते एका छपरामुळे की एकमेकांस विचारण्यामुळे, याचा प्रत्येकाने आपल्याशी विचार करावा. मुलांचे बाप बहुधा मुले मोठी झाल्याचे त्यांच्या पगारावरून ओळखतात. आईला ते फार आधी कळलेले असते. परंतु माजघरातले ते ज्ञान सदरेपर्यंत पोचत नाही. पोचावयास हवे असेल तर सदरेवरच्यांनी आपला आवाज थोडा कमी करावा, यापरता दुसरा उपाय आम्हांस दिसत नाही.

अक्षय्यतृतीयेच्या सकाळी सामान भरलेली गाडी दाराशी उभी होती. सौ. देवघरात गेली. आमच्या देवघरात तीन अन्नपूर्णा होत्या: एक तिची, माहेरून आणलेली, आणि दोघी सुनांनी आपापल्या माहेराहून आणलेल्या. तिने धाकट्या सुनेची अन्नपूर्णा उचलली, चिंचेने घासून लख्ख केली, हळदकुंकू वाहिले आणि तांदळांनी भरलेल्या वाटीत बसवून तिच्या हाती दिली. म्हणाली, "ही तुझी. तू इथे आणलीस तेव्हा मी ठेवून घेतली होती. आता तुझ्या घरी ने. पहिला भात करशील तो हिला दाखव, मग मला दूरध्वनी कर." सुनेने वाकून नमस्कार केला. उठताना दोघींपैकी कोणी कोणाला सावरले हे आम्हांस सांगता येणार नाही.

गाडी गेल्यावर देवघरात अन्नपूर्णेच्या जागी वाटोळा ठसा राहिला होता. सौ.ने तो पुसला नाही. दुपारी शेजारच्या वाड्यातील दोन मुलींना तिने बोलावून घेतले. त्यांना भरतकाम शिकावयाचे होते आणि कितीएक वर्षे तिला सवड होत नव्हती.

ज्येष्ठात आम्ही पुण्यास जाऊन आलो. स्वयंपाकघराची खिडकी खरोखरच पूर्वेला आहे. धाकटा संध्याकाळी कामावरून आला तेव्हा नातू धावत दाराशी गेला आणि त्याच्या पायांना बिलगला; लपला नाही. आम्हा दोघांस पाहून मात्र तो पहिल्या घटकेस आईच्या मागे दडला होता. आमचा चेहरा उतरलेला पाहून सौ. हळूच म्हणाली, "दडू द्या. पायथ्याशी राहणाऱ्यांनी एवढे सोसायचे असते."